मुक्या तासाच्या तीन सह्या

चाळीस पोरांना एखादी गोष्ट पटवायला मला कधी अर्ध्या तासावर वेळ लागला नाही. तीन मास्तरांना पटवायला मात्र अर्धा हिवाळा गेला. नोकरी सुटून आता इतकी वर्षं झाली, तरी तो हिवाळा आठवला की माझं डोकं अजून फिरतं. दिवाळी अंकवाल्यांनी माझ्याकडे शाळेच्या गोड आठवणी मागितल्या आहेत. गोड दुसऱ्या कुणाकडून तरी घ्या म्हणावं. माझ्याकडे ही एक आहे, आणि ती सांगायची तर चिडचिड होणारच.

तेव्हा निजामाचं राज्य. बीडला सरकारी कागदांत भीर म्हणत आणि माझ्या अंबाजोगाईला मोमिनाबाद. औरंगाबादेला वर्षभर ट्रेनिंग करून आलो आणि शिरूर कासारच्या बाजूला, सिंदफणेच्या काठच्या एका गावात मला नेमलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. शाळा म्हणजे एक लांबलचक दालन, मध्ये भिंत नाही, पडदा नाही, आणि त्यात चार इयत्ता. पहिली माझ्याकडे. दुसरी नानांकडे. नाना म्हणजे गावचे जुने पंतोजी, सगळ्यांत वडीलधारे. तिसरीपासून उर्दू सुरू व्हायची, ती मौलवीसाहेबांकडे. चौथीला सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर. त्यांना आम्ही सदरसाहेब म्हणायचो.

बाहेरच्या माणसाला त्या काळचं शिकवणं कसं होतं ते सांगायला हवं. एका पोरानं उभं राहून धड्याची ओळ चालीवर म्हणायची आणि बाकीच्यांनी ती ओढायची, इतकंच. एका कोपऱ्यात पावकी-निमकी-दिडकीचे पाढे, दुसऱ्यात धडा, तिसऱ्यात अलिफ-बे, चौथ्यात भूगोलातल्या नद्या, आणि हे सगळं एकाच वेळी, एकाच छताखाली. हा गलका म्हणजेच शिक्षण, असं गावाचं मत. समोर अप्पांचं किराणा दुकान होतं. आवाज जरा कमी झाला की अप्पा फळीवरून वाकून विचारायचे, "काय मास्तर, सुट्टी दिली का?"

एकदा नाना श्राद्धासाठी दोन दिवस रजेवर गेले आणि त्यांची दुसरी, चाळीस पोरं, माझ्या गळ्यात पडली. मी म्हटलं, वाचा. पोरांनी कोल्ह्याचा धडा असा खणखणीत म्हटला की मी खूश. मग सहज श्रीपतीच्या मागं जाऊन उभा राहिलो. हा पाटलाचा पुतण्या, वर्गात पहिला. तो कोल्ह्याचा धडा म्हणत होता आणि त्याच्या पुढ्यात विहिरीचा धडा उघडा होता! मी कागदाच्या चिठोऱ्यावर लिहिलं, 'ऊठ आणि खिडकी लाव', आणि त्याच्या हातात दिलं. त्यानं ते उलटसुलट केलं, मान वर केली आणि मला विचारलं,

"गुरुजी, ह्याची चाल कशी हाय?"

चाल! मी एकेकाला चिठ्ठी दाखवत गेलो. तिघं उठून खिडकीकडे गेले. बाकी सगळे चाल विचारत राहिले. दोन वर्षं शाळेत बसलेली ही पोरं, आणि वाचता येतं ते तिघांना. आता उन्हाळ्यानंतर हीच तिसरीत जाणार, तिथं उर्दू उभी. एक लिपी हातात नाही तोवर दुसरी. मग काय होणार ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. दरसाल तिसरीत पोरं गळायची, बाप येऊन सांगायचा, 'ह्याच्या डोक्यात इद्या शिरत न्हाई,' आणि पोरगं गुरांमागं जायचं. त्याच्या डोक्यात काही खोट नसायची. त्याला वाचायलाच कुणी लावलं नव्हतं.

उपाय मी ट्रेनिंगला पाहून आलो होतो. रोज अर्धा तास तोंड बंद ठेवून वाचायचं. मग मास्तरानं चिठ्ठी द्यायची आणि पोरानं चिठ्ठीत लिहिलेलं करून दाखवायचं. ज्याला वाचता येतं तो उठतो, ज्याला येत नाही तो बसून राहतो. यात कसली लबाडी चालत नाही. पण दालन एक! चारांपैकी तीन वर्ग ओरडत असताना चौथा काय डोंबल मनात वाचणार? म्हणजे चारही मास्तरांनी एकदम गप्प बसायला हवं. इथंच माझं घोडं अडलं.

मी रीतसर तजवीज, म्हणजे प्रस्ताव, लिहिली आणि सदरसाहेबांपुढं ठेवली. सदरसाहेब भला माणूस, पण वरून हुकूम आल्याशिवाय शिंकायचेसुद्धा नाहीत. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी केली, उलगडला.

"तजवीज ठीक हाय," ते म्हणाले. "पण बहमन महिन्यात मोहतमिमसाहेब तपासणीला येणार. जिल्ह्याच्या शाळांचा साहेब तो. त्यानं ईचारलं, हे कुणाच्या हुकमानं, तर? तुमी असं करा, दोघांच्या सह्या आणा. मग माझी."

मौलवीसाहेबांकडे गेलो. ते पान जमवत बसले होते. हसतमुख माणूस, शब्दाला शब्द देणारा.

"मियाँ, मदरसा है के मय्यत? चुप बैठ के कायकू पढ़ना?"

मी त्यांना तासभर समजावलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हौ, बात सच्ची है. पहले नाना की दस्तखत लाओ. मैं आँख मूँद के करता."

म्हणजे सदरसाहेबांची सही अडली मौलवींवर, मौलवींची अडली नानांवर. आणि नाना?

"न्हाई," नाना म्हणाले.

"नाना, का पण?"

"कावून म्हंजे? जे तोंडातून निघालं न्हाई ते वाचलं कशावरून? पोरगं वाचायलंय का झोपलंय, मला कसं कळावं?"

"चिठ्ठीनं कळतं, नाना."

"मला चिठ्ठी लागत न्हाई. माझे कान लई तिखट हायेत."

होतेच. दालनाच्या या टोकाला बसून त्या टोकाच्या पोराची चूक ते पकडत. तेच तर माझं दुखणं होतं. मी त्यांच्या घरी जायचो. ते ओसरीवर सुपारी कातरत बसलेले असायचे, घरात विधवा लेक आणि हे, दोघंच. मी बोलत राहायचो, ते आडकित्ता चालवत राहायचे. माझं संपलं की म्हणायचे, "बरं, सुपारी घे." आठ वेळा गेलो असेन. आठ वेळा सुपारी खाऊन परत आलो. रस्त्यानं मी मोठ्यानं बडबडत यायचो, असा आडमुठा माणूस उभ्या निजामशाहीत नसेल म्हणून.

मग मी म्हटलं, खड्ड्यात गेल्या सह्या. माझी पहिली तर माझी आहे. पोरांना मागच्या कडुलिंबाखाली नेलं आणि तास सुरू केला. फळ्यावर लिहून सांगितलं, 'रोज दुपारी मुका तास.' मुका म्हणजे न बोलता, हे माझ्या डोक्यात. पोरांच्या डोक्यात दुसरंच. पोरांनी घरी जाऊन सांगितलं की नवे मास्तर मुक्याचा तास घेतात.

तिसऱ्या दिवशी अप्पा दुकान सोडून शाळेत आले. कपाळावर भस्माचे ताजे पट्टे, चेहरा गंभीर.

"मास्तर, मी साधा दुकानदार माणूस. मला शाळेतलं काय कळत न्हाई. पण बायामाणसं ईचारायलीत, ह्यो मुक्याचा तास म्हंजे काय? आन् मुका मास्तरनं द्यायचा, का पोरांनी?"

मौलवीसाहेब इतके हसले की त्यांची टोपी खाली पडली. सदरसाहेब घामाघूम. मी अप्पांना धरून फळ्यापाशी नेलं आणि समजावलं. ते जाताना म्हणाले, "ते ठीक हाय, पण मास्तर, थोडा आवाज असू द्या. पोरांची दिडकी सुरू झाली की मी जेवायला उठतो. तुमच्या पायी दोन दिवस माझी भाकरी उशिरा झाली."

"नाम बदलो मियाँ," मौलवीसाहेब डोळे पुसत म्हणाले. "मन का तास बोलो." तेव्हापासून 'मनातला तास' हे नाव पडलं. आता त्यालाच मूकवाचन म्हणतात आणि त्यावर लोक व्याख्यानं देतात. देवोत बापडे.

नाव बदललं तरी सही काही होईना. शेवटी मी सदरसाहेबांच्या मागं लागून एक दिवस प्रयोग ठेवायला लावला. सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे! सदरसाहेब खुर्चीवर, मौलवीसाहेब खांबाला टेकून, नाना त्यांच्या नेहमीच्या बाकावर. टोपीत चिठ्ठ्या टाकल्या आणि नानांच्या दुसरीतली पोरं एकेक बोलावली. पहिल्या चिठ्ठीत होतं, 'मौलवीसाहेबांना सलाम कर.' पोरगं चिठ्ठी धरून उभं. दुसरी, 'फळा पूस.' तेही उभं. तिसऱ्या चिठ्ठीला श्रीपतीनं पुन्हा चाल विचारली.

"पोरं बुजलीत," नाना बाकावरून म्हणाले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "आन् तुझं अक्षर किरटं हाय. तुझ्या अक्षराला पोरं काय करतील?"

इथं माझा तोल गेला. महिनाभराचा राग. मी तिथल्या तिथं कागद घेतला, मोठ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'नाना, हात जोडतो, सही करा. करायची नसेल तर हा कागद फाडून टाका.' आणि तो त्यांच्या हातात कोंबला.

"घ्या. तुम्हीच सांगा, हे अक्षर किरटं आहे का? हे तुमच्या पोरांना झेपेल का?"

मला वाटलं, आता फाडतील नाहीतर हसतील. नानांनी कागद हातभर लांब धरला. खिडकीच्या उजेडाकडे कलता केला. ओठ हलवले, मान डोलावली.

"हां, हे सोपं हाय," ते म्हणाले. "हे येईल माझ्या पोरांना. दे कुणालाबी."

आणि कागद माझ्याकडे परत केला.

मौलवीसाहेब खांबापासून पुढं आले, माझ्या हातातून कागद घेतला, वाचला, शेरवानीच्या खिशात घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हौ नाना, एकदम आसान है." मग माझं मनगट धरून मला मागच्या आडापाशी नेलं.

"अब समझे? दो बरस हो गए. मोतियाबिंद. किताब पूरी मुंहजबानी याद है, बच्चे आवाज पे पहचानते. सदर कू मालूम, मेरेकू मालूम, पोट्टों कू भी मालूम. एक तुमकूच नई मालूम. ट्रेनिंग होके आए ना!"

"मग मला सांगायचं होतं!"

"कायकू? तुम दरखास्त लिखनेवाले आदमी. उनका वजीफा डेढ़ बरस पे है. आज नौकरी गई तो वजीफा भी गया. फिर बुड्ढा खाएगा क्या, बेटी कू खिलाएगा क्या?"

खरं सांगतो, मला दया आधी आली नाही. आधी राग आला. नानांचा, की चाळीस पोरांना आंधळं ठेवलं. या दोघांचा, की सही नानांवर ढकलून मला गावभर नाचवलं. आणि माझा, की आठ वेळा त्या माणसासमोर बसलो आणि सुपारीकडे न बघता ते आडकित्ता चालवतात, हे मला दिसलं नाही. वजीफा म्हणजे पेन्शन. ती पणाला लागली होती, आणि दुसऱ्या बाजूला ती चाळीस पोरं. मला दोन्ही सोडवेनात. रात्री झोप कसली!

सकाळी नानांकडे गेलो. यावेळी पाल्हाळ लावलं नाही.

"नाना, मनातल्या तासाला तुमचा वर्ग मी घेतो. माझी पहिली तुम्ही घ्या, कडुलिंबाखाली. पाढे घ्या. पाढ्याला आवाज लागतो, तो बाहेर होऊ दे. अप्पांची भाकरीपण वेळेवर होईल."

आडकित्ता थांबला.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. चिठ्ठीनं."

"काय लिवलं होतंस तीत?"

"सही करा म्हणून. नाहीतर फाडून टाका म्हणून."

नाना हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले. "आन् मी म्हनलं, दे कुणालाबी! आण तुझा कागद. कुठं करू ते बोट धरून दाव."

मी त्यांचं बोट कागदावर टेकवलं. सही चढत चढत माझ्या मजकुरावर गेली. मौलवीसाहेबांनी तिच्याखाली शब्द दिल्याप्रमाणे सही केली, सदरसाहेबांनी कागद पुन्हा दोनदा वाचून केली, आणि मनातला तास सुरू झाला.

पुढचे दोन महिने मला अजून अभिमानाचे वाटतात, त्याला काय करणार? दुपारी दालन शांत आणि बाहेरून कडुलिंबाखालून नानांची दिडकी. नानांसारखे पाढे मी कुणाला शिकवताना पाहिलं नाही, पहिलीतली पोरं महिन्यात सवायकी म्हणायला लागली. आत दुसरीतली पोरं सुरुवातीला नुसती ओठ हलवायची, मग बोट फिरवायला लागली, मग एकेक जण चिठ्ठी बघून उठायला लागला. एका सकाळी श्रीपती पळत आला.

"गुरुजी, चावडीवर कागद लावलाय. त्याला चाल न्हाई, तरीबी मी वाचला!"

बहमन सरत आला, म्हणजे जानेवारी लागला, आणि मोहतमिमसाहेब आले. साहेब तरुण, शिकलेले, नवीन गोष्टीची हौस असलेले. त्यांनी स्वतः चिठ्ठ्या लिहिल्या. 'दप्तर डोक्यावर ठेव.' 'दारापर्यंत जाऊन परत ये.' एकही पोरगं बसून राहिलं नाही. दालनात नुसत्या पावलांचा आवाज. साहेब इतके खूश झाले की सदरसाहेबांच्या तोंडावर मी पहिल्यांदा रंग पाहिला.

"ये क्लास किस की है?" साहेबांनी विचारलं.

'नानांची' म्हणायचं आणि गप्प बसायचं. एवढंच करायचं होतं. हिवाळाभर लोकांना गप्प बसायला शिकवणारा मी, मला ते जमलं नाही!

"हुजूर, क्लास नाना की, लेकिन पढ़ाता मैं हूँ," मी म्हणालो. अंगात वारं शिरलं होतं.

मौलवीसाहेबांचा जोडा माझ्या पायावर आला. उशीर झाला होता.

"क्यूँ? नाना अपनी क्लास खुद क्यूँ नहीं लेते?"

मी काहीतरी पुटपुटलो, नाना पाढे फार छान घेतात, कामाची वाटणी आहे वगैरे. साहेबांनी तजविजीचा कागद मागवला. ती चढत गेलेली सही पाहिली. मग नानांना कडुलिंबाखालून बोलावलं आणि एक चिठ्ठी त्यांच्यापुढं धरली. नानांनी या खेपेला ती हातातसुद्धा घेतली नाही.

"साहेब, दिसत न्हाई," ते म्हणाले.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं आवाज चढवला नाही, फक्त वहीत दोन ओळी लिहिल्या आणि गेला. मी नानांची माफी मागायला गेलो तेव्हा त्यांनी मला बोलू दिलं नाही. "पोरं वाचायलीत न्हवं? मग बस," म्हणाले. मौलवीसाहेब पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

महिन्याभरानं टपाल आलं. मनातला तास चालू होता. चाळीस डोकी पुस्तकांवर वाकलेली. सदरसाहेबांनी लखोटा फोडला, वाचला आणि मौलवीसाहेबांकडे दिला. मौलवीसाहेबांनी वाचला आणि माझ्यापुढं धरला.

"मैं नई सुनाता," ते हळूच म्हणाले. "तुमने मंगवाया, तुमीच सुनाओ."

तेवढ्यात पहिलीला कुणावर तरी सोपवून नाना आत आले. टपालवाल्याची घंटी त्यांनी ऐकली असणार. भिंतीला हात लावत ते माझ्यापाशी येऊन उभे राहिले.

"माझं हाय न्हवं? वाच."

मी वाचायला लागलो. हुकूम उर्दूत होता, खालपर्यंत वाचला. नजर गेल्यामुळे नाना नोकरीला माजूर, म्हणजे असमर्थ. पहिल्या तारखेपासून कमी. वजीफ्याची मुदत पुरी झाली नसल्यानं वजीफा नाही. मी तीनदा वाचलं. दालनात कसलाही आवाज नव्हता.

"वाचलंस का?" नानांनी विचारलं.

"हो."

"मनात वाचलंस व्हय?"

पोरांनी माना वर केल्या होत्या.

"आरं, मला मनातलं ऐकू येत न्हाई," नाना म्हणाले. "मोठ्यानं वाच. पहिल्यापासून वाच."

मग मी मोठ्यानं वाचलं. पहिल्या चार ओळी माझ्या तारिफेच्या होत्या. त्या आधी वाचाव्या लागल्या.